विहिरीवरचं जाळं

बाळंतपण उरकून भक्ती सासरी परतली, तेव्हा दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या आधीच तिची नजर विहिरीकडे गेली आणि मनात पाल चुकचुकली.

विहिरीवर जाळं होतं. मासेमारीचं जुनं, हिरवं, नायलॉनचं. कठड्याभोवती ताणून गच्च आवळलेलं, एका कोपऱ्यात कळशी जेमतेम उतरेल एवढी फट. सहा महिन्यांपूर्वी पोट घेऊन ती वैभववाडीला मामाकडे गेली, तेव्हा हीच विहीर आभाळाकडे उघडी होती.

"पालो पडता," सासू म्हणाली.

भक्तीनं काही विचारलंच नव्हतं. न विचारता मिळालेलं उत्तर म्हणजे आधीपासून तयार करून ठेवलेलं उत्तर. तिनं कडेवरची तेजू सावरली, विहिरीवर वाकलेल्या रातांब्याच्या झाडाकडे एकदा पाहिलं, आणि "हां" म्हणून आत गेली. रातांबा काय पिंपळासारखी पानं झाडत नाही, आणि या घरात लग्न होऊन आल्यापासून तीन वर्षं याच विहिरीचं पाणी भरलं तिनं. पाला तेव्हाही पडत होता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. भक्तीच्या मनातलं चांदणं विहिरीचंच होतं.

तिची आई, किशोरी, विहिरीत गेली होती. भक्ती तेव्हा नऊ वर्षांची. आठ दिवसांचा भाऊ पाळण्यातच गेला, गोव्यात कामाला असलेले वडील महिन्याचे दोन महिने करत शेवटी यायचेच थांबले, आणि आई हळूहळू गप्प झाली. चूल पेटवायची आणि तिच्याकडे बघत बसायची. आधण उकळून आटून जायचं. आजीची एक बहीणही 'तशीच' होती, असं बायका परड्यात बोलायच्या आणि भक्ती दिसली की भाजीचे भाव बोलायला लागायच्या. मग एक दिवस विहीर. सत्यवानमामानं त्याच संध्याकाळी भाचीला जवळ घेऊन सांगितलं, "पाय घसरलो. कोणीय इचारल्यान तर पाय घसरलो. तुजा लगीन व्हवक व्हया मा?"

पाहुणे बघायला आले तेव्हा होणाऱ्या सासूनं, रुक्मिणीनं, पोह्यांची बशी खाली ठेवून विचारलं होतं, "आवस कशान गेली?" मामानं ठरलेलं सांगितलं. रुक्मिणी नुसती भक्तीकडे बघत राहिली, बाजारात सुरमईचे कल्ले उघडून बघतात तशी. मामानंही रीत म्हणून मुलाच्या, सुदेशच्या, वडिलांचं विचारलं. "दर्यान नेल्यान," रुक्मिणी म्हणाली. वीस वर्षं झाली होती. एकाला आई नाही, एकाला बाप नाही, जमेल दोघांचं, म्हणत मामानं सुपारी फोडली.

आणि आता विहिरीवर जाळं. कोणीतरी सांगितलं असणार. वैभववाडीचं कोण ना कोण मालवणच्या बाजारात येतंच.

एकदा संशय शिरला की घरातली भांडीसुद्धा वेगळी वाजायला लागतात. माळ्यावरचं उंदरांचं औषध दिसेना. पडवीत गुंडाळून ठेवलेले दोर नाहीसे झाले. तापाच्या गोळ्यांचा डबा सासूच्या पेटीत गेला, नि पेटीची किल्ली तिच्या कमरेला. कळशी उचलायला भक्ती उठली की रुक्मिणी आधीच विहिरीवर. "तू ऱ्हव गो, ओली बाळंतीण तू." चार महिने उलटून गेलेली ओली बाळंतीण!

पण खरा धक्का बसला तो झोळीचा. तेजूसाठी भक्तीनं आपल्या जुन्या साडीची झोळी बांधली होती, माजघरातल्या वाशाला. एका सकाळी ती तेजूला दूध पाजून उठली तर वाशाला झोळीही नाही आणि दोरीही नाही. साडीची व्यवस्थित घडी करून पलंगावर ठेवलेली.

"आये, झोळी खंय?"

"दोरी उंदरांनी खाल्ल्यानी."

"मग दुसरी दोरी..."

"झोळयेत निजवून पोराचा डोक्या चपटा होता. मांडयेर निजवूची." आणि रुक्मिणीनं तेजूला तिच्या हातातून घेतलं, सरळ पडवीत नेलं आणि सुदेशच्या मांडीवर ठेवलं. "धर रे. हलू नको. जागी झाली तर रडात."

हे आता रोजचंच झालं. भक्तीनं दूध पाजलं, ढेकर काढला, तोंड पुसलं की सासू येणार, पोर उचलणार आणि बापाच्या मांडीवर नेऊन ठेवणार. बापाला पोरीची सवय लावायची, पोरीची आईची सवय मोडायची, आणि मग एक दिवस... भक्ती पुढचा विचार करत नसे. केला की अंगातलं दूध थिजल्यासारखं व्हायचं. मामीनं एकदा ऐकवलं होतं, एका बाईला सासरच्यांनी वेडी ठरवून माहेरी धाडलं आणि मूल ठेवून घेतलं. 'वेडीची पोर वेडी' नको म्हणून आईची सावलीही पडू दिली नाही.

सुदेशशी बोलावं म्हटलं तर सुदेश होता कुठे? देह पडवीत होता. सप्टेंबरात प्रीतमची होडी दोघांसकट उलटली, त्यात प्रीतम गेला. प्रीतम म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार, किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्याचा एकच दोर दोघं ओढायचे. भक्ती तेव्हा वैभववाडीला होती. तिला फोनवर एवढंच कळलं, "प्रीतम गेलो. मी बरो आसंय." आली तेव्हा नवरा रोडावलेला, दाढी वाढलेली. पहाटे तीनला जागा होऊन बसायचा. जेवताना मासा नुसता निवडत राहायचा, काटे एका बाजूला, मांस एका बाजूला, आणि दोन्ही तसंच टाकून उठायचा. रापणीची हाक आली, वाडीतला त्याचा दोस्त विनीत बोलवायला आला, अख्खी वाडी दोराला जाऊन लागली, तरी हा उठेना. दोस्त गेल्याचं दुःख, निवळेल, असं भक्तीला वाटलं. तिचं सगळं लक्ष स्वतःवरच्या पहाऱ्याकडे होतं.

शेजारची सीताकाकी रोज कुंपणापाशी येऊन सासूशी कुजबुजायची. भक्ती दिसली की हसून म्हणायची, "काय गो, चेडू बापाशीर गेला मा? नाक बघ, नाक! आवशीचा काय्येक नाय घेवक." काही नाही घेतलं, यात समाधान मानायचं की काय, हे भक्तीला कळत नसे.

सोमवारी तांदूळ काढायला तिनं डब्यात हात घातला, तर बोटांना कागद लागला. कार्ड. कुडाळच्या एका डॉक्टरीणबाईंचं. नावाखाली 'मानसोपचार तज्ज्ञ', आणि मागे कोणाच्या तरी वेड्यावाकड्या अक्षरात, 'बुधवार ११'.

तिनं ते होतं तसं तांदळात पुरलं. हात धुतले. भात घातला. संध्याकाळी तेजूची टाळू भरताना तेलाची वाटी दोनदा कलंडली.

बुधवारी नेणार. डॉक्टर विचारणार, घरात कोणाला होतं का? आणि सासू म्हणणार, होय, हिच्या आवशीक. कागदावर चढलं की संपलं. मंगळवारी सकाळची गाडी पकडायची, तेजूला घेऊन मामाकडे, पुढचं पुढे. पिशवीत तिनं चार झबली, लंगोट, काजळाची डबी आणि स्वतःची एक साडी कोंबली.

मंगळवारी सकाळी ती पिशवी पदराआड धरून पडवीत आली, आणि थबकली.

सुदेश अंघोळ करून बसला होता. दाढी केलेली, केस विंचरलेले, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. तिच्याकडे बघून हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"आज बरा वाटता," तो म्हणाला. "हलक्या हलक्या." त्यानं तेजूला मागून घेतलं, तिचे दोन्ही तळवे आपल्या कपाळाला लावले आणि परत दिलं. "विनीताक आपल्या बोटीची चावी दिलंय. आता तोच चलवीत. तू खूप केलस गो भक्ती." चपला घालून तो समुद्राच्या वाटेला लागला. शीळ घालत.

भक्तीला क्षणभर बरंच वाटलं. नवरा सावरला. आता निघताना जीव कमी तुटेल. ती पायरी उतरली, दुसरी उतरली, आणि तिच्या नाकाला वास आला. अबोलीला वास नसतो, तरी आला.

त्या सकाळी आईनं तिच्या दोन वेण्या घातल्या होत्या, घट्ट, अबोलीचे वळेसर माळून. कित्येक महिन्यांत नव्हती, इतकी आई छान दिसत होती. हसत होती. आपली पितळी डबी शेजारच्या पोरीला देऊन टाकली होती तिनं. भक्ती शाळेत जाऊन बाईंना म्हणाली होती, "बाई, माझी आई बरी झाली." दुपारी तिला वर्गातून बोलावून नेलं.

पिशवी हातातून कधी पडली ते भक्तीला कळलं नाही. परसात रुक्मिणी मोरीच्या दगडावर मासे साफ करत होती.

"आये! ते हसले."

रुक्मिणीनं वर पाहिलं.

"हसले, आणि चावी विनीताक दिल्यानी. वाटेक लागले."

रुक्मिणीच्या हातातली सुरी दगडावर पडली. तिचा चेहरा बघून भक्तीला एका झटक्यात सगळं कळलं. जाळं, दोर, औषध, झोळी, कमरेची किल्ली. त्यातलं काहीच भक्तीसाठी नव्हतं. मांडीवरची पोर म्हणजे नांगर होता. झोपलेलं मूल मांडीवर असलेला माणूस उठून जात नाही, एवढ्या एका आशेवर म्हातारी गेला महिनाभर रोज नातीला त्याच्या मांडीवर ठेवत होती.

दोघी धावल्या. रुक्मिणीच्या हातांना खवले तसेच.

किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. दोराच्या दोन्ही बाजूंना माणसं पाय रोवून मागे रेलली होती, "हो... ल्ले!" चा गजर. भक्तीनं एकेक पाठ पाहिली. सुदेश त्यात नव्हता. पाण्यातही नव्हता. सुरूच्या झाडांपलीकडे वाळूवर चढवून ठेवलेली प्रीतमची होडी होती, फुटलेल्या फळीची, तशीच. सुदेश तिच्यात बसला होता, दर्याकडे तोंड करून.

रुक्मिणी झाडांशीच थांबली. पदर तोंडावर धरून ती तिथंच उभी राहिली. भक्ती एकटीच पुढे गेली, होडीत चढली आणि तेजूला त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हिका धरा."

त्यानं धरली. सवयीनं.

आता बोलायचं होतं ते वीस वर्षांत कोणाला बोलली नव्हती. हे बोललं की घर जाईल, पोर जाईल, अशी भीती घेऊन ती निजत-उठत आली होती. मागे झाडाशी सासू ऐकत होती.

"माजी आये पाय घसरून जावक नाय," भक्ती म्हणाली. "आपणहून गेली. त्या दिवशी सकाळी अशीच हसली होती, तुमी आता हसलास तशी. मी नऊ वर्षांची होतंय. माका कळाक नाय. आज कळला. मगे तुमी माका वैभववाडीक धाडलास तरी चलात. पण आधी घराक चला."

तेजूनं सुदेशच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं होतं. ते सोडवायला त्यानं हात उचलला, आणि तळवा उलटा करून बघितला.

"प्रीतमाचो हात माज्या हातात होतो," तो म्हणाला. "सुटलो. मी सोडूक नाय, भक्ती. सुटलो तो. रोज रात्री सुटता."

तिनं त्याचा तो हात धरला. रुक्मिणी आली आणि खवल्यांचे हात लेकाच्या पाठीवर ठेवून उभी राहिली. दोराजवळून विनीतनं पाहिलं, आपली जागा दुसऱ्याला देऊन तो आला, काही न विचारता होडीच्या काठावर बसला आणि घरापर्यंत सोबत आला. त्या दिवसभर सुदेशला कोणी एकटं सोडलं नाही.

बुधवारी अकराला तेजूला घेऊन, विनीतसह, चौघं कुडाळला पोचली. कार्ड रुक्मिणीनं पिशवीतून काढलं तेव्हा त्याला तांदळाची पूड होती. डॉक्टरीणबाई आधी सुदेशशी बराच वेळ एकट्यानं बोलल्या. मग या दोघींना आत बोलावलं.

"यांच्या घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता?"

"कोणाक नाय," रुक्मिणी पटकन म्हणाली. उत्तर इतकं घासून गुळगुळीत झालेलं, की विचारणाऱ्याच्या हातातून निसटावं.

भक्ती पुढे झाली. "माझ्या आईला होता."

"तुम्ही सून ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी यांच्या रक्ताच्या नात्यातलं विचारतेय."

खोलीत पंखा फिरत होता. रुक्मिणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"ह्येचो बापूस," ती म्हणाली. "दर्यान नेल्यान सांगतंय मी सगळ्यांका. दर्या त्या दिवशी काचेसारो होतो. त्या वर्सा जाळी जळाली होती आमची, नि धाकटो झील गेललो. ह्या थोरल्याकडे बघून मी सावरलंय. ह्यांका सावराक नाय जमला."

सुदेशनं आईकडे पाहिलं. त्यालाही हे नवीनच होतं.

भक्तीच्या डोळ्यांसमोर पोह्यांच्या बशा आल्या. पाय घसरला. दर्यानं नेलं. दोन्ही घरांनी एकमेकांच्या ताटात एकच खोटं वाढलं होतं आणि दोन्ही घरं ते गोड मानून जेवली होती. आणि त्या दोन घरांतून आलेलं पाच महिन्यांचं रक्त तिच्या मांडीवर अंगठा चोखत होतं.

"हिचं काय?" तिनं विचारलं. "दोन्हीकडून आलंय हिला."

"जमीन वारशानं येते तसा हा आजार येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "येते ती थोडी जास्त शक्यता. तीही एखाद्या जनुकातून नाही, बारीक बारीक पुष्कळशा जनुकांतून. त्यावर आयुष्यात काय कोसळतं, सोबत कोण असतं, हे सगळं मिळून ठरतं. घरात असूनही कित्येकांना कधीच काही होत नाही. आणि घरात कोणाला नसताना काहींना होतं. तुमच्या नवऱ्याला रक्तातली शक्यता होती, वर डोळ्यांदेखत जिवाभावाचा माणूस गेला, झोप उडाली. यातलं एकटं काही कदाचित पेललं असतं. सगळं एकदम आलं. यावर औषध आहे, बोलणं आहे. वेळ लागतो, पण माणसं बरी होतात. आता मात्र मधेच गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि त्यांना एकटं ठेवायचं नाही. पुन्हा तसं काही वाटलं तर बुधवारची वाट न बघता यायचं. दिवस असो, रात्र असो."

"म्हणजे होडयेसारा," रुक्मिणी म्हणाली. "फळी नाजूक असली म्हणान होडी बुडता असा नाय. लाट केवढी येता ताय बघूक व्हया."

"जवळजवळ तसंच."

"मगे फळी लपवून काय उपेग? डांबर लावक व्हया."

डॉक्टरीणबाई हसल्या. "मोठी झाली की हिला खरं सांगा. लपवलेलं असलं की लक्षण ओळखू येत नाही."

गाडीची वाट बघताना सुदेश आणि विनीत पाणी आणायला गेले, तेव्हा भक्तीनं सासूला विचारलं, "तुमका माज्या आयेचा म्हायती होता?"

"बघूक इलंय तेवाच समाजला. पाय घसरलो म्हणणाऱ्या माणसाचे डोळे माका ठाऊक. आरशात बघतंय मी रोज."

"तरी केलास माका?"

"म्हणान तर केलंय." रुक्मिणी रस्त्याकडे बघत होती. "म्हटलंय, हिका कळात. उद्या माज्या झिलाचा काय झाला तर ह्या चेडवाक कळात. खोटा कित्याक बोला, तू बाळाक घेवन इलस तेवा तुज्यारय नजर होती माजी. दोघांरय होती."

भक्तीला रागवावं की काय करावं ते सुचेना. कल्ले बघूनच घेतलं होतं म्हणायचं आपल्याला. तिनं तेजूचं टोपडं उगाच सारखं केलं. हा हिशोब ती कधीतरी सासूशी भांडणार होती, हे नक्की. पण आज नाही.

मालवणच्या स्टँडवरून रिक्षानं सगळी घरी आली, तर कुंपणाशी सीताकाकी हजर. "खंय गेल्लास गो सगळी? कोणाचा काय दुखता?"

"दात..." रुक्मिणीनं सुरुवात केली. हात सवयीनं गालाकडे गेलाही होता. मग तिनं तो खाली घेतला. "झिलाचा मन दुखता. डॉक्टराकडे गेललाव. औषद दिल्यान."

"मनाचा औषद?"

"होय. तुका व्हया तर कार्ड देतंय."

या वाडीनं हे असं कधी पाहिलं नव्हतं.

सुदेश विहिरीपाशी थांबला होता. इतके दिवस त्या जाळ्याशेजारून तो आला-गेला, पण एकदाही त्याबद्दल बोलला नव्हता. आता त्यानं ते बोटानं ओढून पाहिलं.

"आये, ह्या माज्यासाठी?"

रुक्मिणी कठड्यावरची कळशी उचलायला वाकली.

"माका काय बांगडो समाजलस?"

"बांगडो बरो," रुक्मिणी म्हणाली. "जाळ्यात गप ऱ्हवता."

तो हसला. भक्तीनं तो चेहरा नीट निरखला, कालचा आणि आजचा ताडून पाहिला. हे हसणं अर्धंमुर्धं होतं, दमलेलं, दाढीचे खुंट वाढलेलं. कालच्यासारखं स्वच्छ नव्हतं. म्हणून तिला जरा धीर आला.

"काढूया काय आता?" त्यानं विचारलं.

भक्तीनं तेजूला त्याच्याकडे दिलं आणि कठड्याशी वाकली. पाण्याच्या बाजूची एक गाठ सैल झाली होती.

"ऱ्हवांदे अजून," ती म्हणाली, आणि दाताखाली दोर धरून तिनं ती गाठ घट्ट आवळली.